यादी तुमची, सुट्टी घरची

पत्र

ताई, मी ४४ वर्षांचा आहे. घोडबंदर रोडला राहतो, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. कंपनीने मध्यंतरी नेदरलँड्सला पाठवलं होतं. तेव्हा शनिवार-रविवारी शेजारचे देश बघता बघता यादी करायचा नाद लागला. आजवर ३८ देश झाले, त्यात दोहा विमानतळाबाहेर न पडताच धरलंय. साठीच्या आत जगातले सगळे १९५ देश बघायचे असं ठरवलंय. हॉलमध्ये नकाशा लावलाय, सोसायटीत मला ‘१९५ वाले’ म्हणतात. बायकोला हे पटत नाही. गेल्या मे महिन्यात ब्रसेल्सहून एका दिवसात लक्झेंबर्ग करून आलो. मुलीला बसमध्ये उलट्या झाल्या. तेव्हापासून बायको म्हणते, ‘यापुढे तू एकटा जा.’ तिला बालीला परत जायचंय, आठ दिवस एकाच ठिकाणी राहायला. मी म्हटलं, बाली झालंय की! त्यावर दोन दिवस अबोला. घराचे हप्ते अजून बरीच वर्षं आहेत, मुलगी नववीत आहे, वडील नौपाड्यातल्या जुन्या घरात एकटे असतात. कळव्याला लग्नाआधी घेतलेला वन बीएचके आहे. तो विकून हे सगळं जमवावं का? की ध्येयच सोडून द्यावं?

— एक ठाणेकर

उत्तर

ध्येय सोडू नका. कळव्याचा फ्लॅट विकू नका. साठीची अट मात्र सोडा, आणि घरच्यांना घेऊन जी सहल होते तिच्यात यादी घुसवायची नाही. माझं उत्तर एवढंच आहे. बाकीचं लिहिते आहे ते यासाठी, की माझी नोकरीची वर्षं फोर्टमधल्या एका टूर कंपनीत व्हिसाच्या टेबलावर गेली. तुमच्यासारखी यादीवाली मंडळी तिथे नेहमी यायची. त्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आधी लक्झेंबर्गचं बोलू. दोन दिवसांत अष्टविनायक उरकणाऱ्या बसमध्ये बसलेल्या माणसाला ओझरचा गणपती कुठला आणि लेण्याद्रीचा कुठला हे घरी आल्यावर आठवत नाही. तुमच्या मुलीला लक्झेंबर्ग आठवेल, पण ते उलटीमुळे. तुम्हाला तिथून काय मिळालं? नकाशावर एक टाचणी. ती तुमच्यासाठी मोलाची आहे हे मी मान्य करते, कुणाला कसला छंद असावा हे दुसऱ्याने ठरवू नये. पण त्या दिवसाचा खर्च तिघांनी केला आणि टाचणी एकट्याला मिळाली. तुमच्या पत्नीचा राग प्रवासावर नाहीच. तिला बालीला आठ दिवस राहायचं आहे, म्हणजे ती तुमच्यापेक्षा जास्तच प्रवासी आहे. यादीवाल्या माणसाला एकदा पाहिलेल्या देशात पुन्हा जाणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं वाटतं. तिला तीच खरी सुट्टी वाटते. यातला कुणी चूक नाही. मात्र वर्षाची सुट्टी एकच असते आणि तुम्ही ती दर वेळी आपल्या नावावर लावत आलात. तेव्हा यंदा बाली, आठ दिवस, आणि तिथून जवळच आहे म्हणून पूर्व तिमोरला उडी मारून यायचं नाही. मी तुम्हाला ओळखत नाही, पण हा विचार तुमच्या मनात येऊन गेला असणार.

आता तुमच्या यादीचा हिशोब, कारण तो तुम्ही मांडलेला दिसत नाही. राहिलेले देश १५७. साठीला उरली १६ वर्षं. म्हणजे दर वर्षी जवळपास दहा नवे देश, एकही वर्ष न चुकवता. तुमच्या रजा वीस-बावीसच्या घरात असतील. शनिवार-रविवार आणि सणावाराची सुट्टी जोडून महिनाभर धरा. त्यातले बालीचे आठ दिवस वजा करा, मुलीच्या दहावी-बारावीची वर्षं वजा करा, वडिलांची एखादी आजारपणं वजा करा. उरलेल्या दिवसांत दहा देश म्हणजे प्रत्येक देशाला दोन दिवस, तेही विमानात बसलेला वेळ धरून. हा वेग ठेवलात तर पुढची सोळा वर्षं रोज लक्झेंबर्गच आहे.

शिवाय झालेले ३८ हे सोपे होते. हॉलंडमध्ये राहणाऱ्याला युरोप म्हणजे ठाण्याहून कल्याण. आता पुढे आफ्रिकेचे ५४ देश आहेत, कॅरिबियनमधले १३ आहेत, पॅसिफिकमधली ती ठिपक्यांएवढी बेटं आहेत. नाउरूचंच बघा. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, वस्ती बारा हजारांच्या आसपास. तुमच्या घोडबंदरच्या दोन-चार मोठ्या संकुलांत एवढी माणसं सहज मावतील. तिथे जायचं तर बहुतेकदा ब्रिस्बेनहून विमान घ्यावं लागतं, म्हणजे आधी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची सोय. मार्शल बेटं आणि मायक्रोनेशियाला ग्वामहून होनोलुलूपर्यंत बेटाबेटांवर थांबत जाणारं एक विमान आहे. ग्वाम आणि होनोलुलू दोन्ही अमेरिकेचे, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हातात पाहिजे. असे देश पंचवीस-तीस तरी आहेत, आणि एकेकाचा खर्च तुमच्या युरोपच्या चार सहलींएवढा होतो.

आणि १९५ तरी कुठून आले? संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, त्यात निरीक्षक म्हणून व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन. तैवान आणि कोसोव्हो धरणारे १९७ म्हणतात. बंगळुरूचे गिटारवादक बेनी प्रसाद यांनी २४५ मोजले, त्यात दुसऱ्या देशांच्या ताब्यातले प्रदेश होते आणि अंटार्क्टिकाही. ग्रॅहम ह्यूज हा लिव्हरपूलचा माणूस विमान न वापरता सगळे देश करायला २००९ च्या १ जानेवारीला निघाला. तो वाटेत असतानाच जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि यादी एकाने वाढली. शेवटी २०१२ च्या नोव्हेंबरात त्याने तिथेच जाऊन फेरी संपवली. म्हणजे हा आकडा तुमच्या हातात नाही, राजकारणाच्या हातात आहे. हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. ज्या आकड्याची स्वतःचीच खात्री नाही, त्याच्यासाठी कळव्याचं घर विकायचं का, एवढाच प्रश्न आहे.

मोजायचं कसं, याचा एक नियम मात्र स्वतःला घालून घ्या. डेन्मार्कचा थोर पेडरसन २०१३ मध्ये निघाला आणि २०२३ मध्ये मालदीवला पोचून त्याने फेरी पूर्ण केली, तीही एकदाही विमानात न बसता. कोविडच्या काळात तो जवळपास दोन वर्षं हाँगकाँगमध्ये अडकला होता. त्याचा नियम साधा होता: प्रत्येक देशात किमान २४ तास. तुम्ही हाच घ्या. विमानतळाच्या आत कॉफी पिऊन कतार होत नाही, तुम्हालाही ते माहीत आहे, म्हणून तर पत्रात आवर्जून लिहिलंत. व्हॅटिकनला सूट द्या, तिथे मुक्काम करायला पोपने बोलवावं लागेल. लक्झेंबर्गही या नियमात बसत नाही. ३८ चे थोडे कमी होतील. होऊ द्यात. लक्झेंबर्गला पुढे कधीतरी निवांत जा, मात्र मुलीला विचारून.

आता माझ्या टेबलावरचा विषय. सगळे देश केलेल्या ज्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही रात्री बघत असाल, त्यातल्या बहुतेकांच्या खिशात अमेरिकेचा नाहीतर युरोपातल्या कुठल्यातरी देशाचा पासपोर्ट असतो. त्यांना शंभराहून कितीतरी जास्त ठिकाणी व्हिसाच लागत नाही. आपल्याला व्हिसाशिवाय किंवा पोचल्यावर व्हिसा देणाऱ्या जागा साठीच्या आसपास. त्यामुळे त्यांच्यासारखा नकाशा बघून क्रम लावू नका. आपला क्रम व्हिसा बघून लागतो.

पहिलं काम अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचं. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, पण मिळाला तर तो साधारणपणे दहा वर्षांचा असतो आणि त्याच्या जोरावर आणखी दारं उघडतात: मेक्सिको, पनामा, कोस्टारिका, डॉमिनिकन रिपब्लिक, जॉर्जिया. चालू अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला हे देश साधारणपणे वेगळा व्हिसा मागत नाहीत. शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, एप्रिल २०२४ पासून आपल्यासाठी थोडं सोपं झालंय. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरलेले असतील तर दोन वर्षांचा, कितीही वेळा जा-ये करता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तो हातात असला की अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, बोस्निया हे एका फेरीत होतात. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांसाठी मिळून एकच व्हिसा मिळतो. घाना, टोगो, बेनिन एका रस्त्यावर आहेत. वर्षातून अशी एक फेरी, एकट्याने, तीन-चार देशांची, हे तुमच्या रजेत आणि संसारात बसतं. नियम मात्र महिन्यामहिन्याला बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः बघा. एजंटचं ‘होऊन जाईल साहेब’ ऐकून मुंबईच्या विमानतळावरून परत फिरलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत.

आणखी एक अडचण आहे, ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट दोन-तीन आठवडे, कधी महिनाभर वकिलातीत पडून राहतो. तेवढ्या काळात तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचं मुंबईत काही नाही, दिल्लीला पाठवावा लागतो. काहींचा तर भारतात दूतावासच नाही. वर्षाला दहा देशांचं गणित इथेच कोसळतं. पुढचा पासपोर्ट काढताना ३६ पानांचा न घेता ६० पानांचा मागा. जुन्या पुस्तिकेत चालू व्हिसा असेल तर ती जपून ठेवा, नव्याबरोबर न्यावी लागते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली की तो संपल्यातच जमा धरा.

पिवळ्या तापाची लस आत्ताच घ्या. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांना ती लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. साठी उलटलेल्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, कारण त्या वयात तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते. तुमच्या यादीला साठीची अट कुठे लावायची असेल तर ती इथे लावा. लस ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. लस न टोचता नुसतं पिवळं कार्ड आणून देणारे महाभागही भेटतील, त्यांना हात जोडा. त्या भागातून कार्डाशिवाय परतलात तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं.

काही देश तुमच्या हातात नाहीतच. येमेनला जायला भारत सरकारने २०१७ पासून आपल्या नागरिकांना मनाई केली आहे, गेलात तर पासपोर्टवर गदा येऊ शकते. यादीवाले परदेशी लोक सोकोत्रा बेटावर जाऊन येमेनवर खूण करतात. तुम्ही तो मार्ग धरू नका, सोकोत्राही येमेनच आहे. पाकिस्तानचं तर विचारूच नका. २०१९ साली तिथल्या करतारपूर गुरुद्वाराचा कॉरिडॉर सुरू झाला तेव्हा व्हिसाशिवाय दिवसभर जाऊन येता येत होतं, पासपोर्टवर शिक्काही मारत नसत. २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची वाट बंद झाली आणि व्हिसेही थांबले. इस्रायलला जायचं असेल तर शिक्का पासपोर्टवर नसतो, वेगळी चिठ्ठी देतात. तरीही तिथल्या प्रवासाचा पुरावा सापडला तर लेबनॉनसारखे देश आत घेत नाहीत, म्हणून ते आधी आणि इस्रायल नंतर.

पैशांचं. एका देशामागे सरासरी लाख-सव्वा लाख धरले तरी एकट्याचे दीड-दोन कोटी होतात, आणि नाउरू वगैरेंमुळे आकडा वरच जाईल. कळव्याचा फ्लॅट विकून एवढे यायचे नाहीत. आले तरी ठाण्यात विकलेलं घर पुन्हा घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो भाड्याने द्या, दिलेला असेल तर उत्तमच. सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर जाऊन जे उरेल, त्याचा एक वाटा वेगळ्या खात्यात टाका, किती तो तुमच्या पत्नीने ठरवायचा. त्या खात्यात असेल तेवढाच तुमचा प्रवास. पर्सनल लोन नाही, क्रेडिट कार्डाचे हप्ते नाहीत, मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला हात नाही. बालीचा खर्च या खात्यातून करायचा नाही, तो घरखर्च आहे. परदेशी टूरचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केलेला कर, कापतात. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घ्या, पुष्कळ लोक विसरतात.

कोचीच्या विजयन आणि मोहना यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. छोट्या चहाच्या दुकानावर या जोडप्याने २६ देश पाहिले. रोजच्या गल्ल्यातून थोडे बाजूला टाकायचे, कमी पडले तर थोडं कर्ज काढायचं, परत आल्यावर ते फेडायचं, मग पुढचा देश. विजयन २०२१ मध्ये गेले, शेवटची रशियाची सहल करून आल्यावर काही आठवड्यांतच. कर्जाची बाब सोडा, त्यांच्यावर घराचा हप्ता आणि नववीतली मुलगी नव्हती. मला त्यांच्यात भावतं ते हे, की जाताना ती दोघं बरोबर असायची आणि पुढचा देश कुठला यावर दुकानातच चर्चा चालायची. तुमच्या हॉलमधला नकाशा तुम्ही एकट्याने लावलाय. पुढच्या रविवारी त्याच्यासमोर तिघं बसा. मुलीला एक देश निवडू द्या, तिची परीक्षा संपल्यावरचा. पत्नीला तिचा. तिने पुन्हा बालीच म्हटलं तर हसू नका.

वडिलांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मीही थोडंच लिहिते. नौपाड्यातलं घर ते सोडणार नाहीत, आपली ती पिढी सोडत नाही. तुम्ही तीन आठवडे आफ्रिकेत असाल तेव्हा रात्री-अपरात्री त्यांच्याकडे कोण धावेल, त्याचं नाव ठरवा. ते नाव ‘बायको’ असेल तर तिला आधी विचारा, गृहीत धरू नका.

आणि धोक्याच्या देशांचं. सुदान, अफगाणिस्तान, मालीसारख्या ठिकाणी हट्टाने जाऊन आलेली माणसं आहेत. तुमच्या घरी तुमची वाट बघणारे तिघं आहेत. परराष्ट्र मंत्रालय जिथे जाऊ नका म्हणतं, तिथे बहुतेक प्रवास विम्याचाही उपयोग होत नाही, ती कलमं पॉलिसीत बारीक अक्षरात असतात. अशा देशांवर नाही म्हणायचा हक्क पत्नीला द्या आणि तिने नाही म्हटलं की त्या वर्षी वाद घालू नका. पुढे परिस्थिती बदलली तर पुन्हा विचारा. जिथे जाल तिथला पत्ता, विम्याचा क्रमांक, पासपोर्टची प्रत, आपल्या दूतावासाचा फोन आणि मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी करायची, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मोबाइलमध्ये पाठवलं म्हणजे झालं असं नाही, ऐन वेळी ते सापडत नाही. घराच्या कर्जाला पुरेल एवढा मुदतीचा विमा आहे ना, तेही बघा, आणि बँकेच्या खात्यांवर नॉमिनी कोण आहे ते तपासा. लग्नाआधी घेतलेल्या कळव्याच्या फ्लॅटवर नॉमिनी म्हणून बहुधा अजून तुमच्या आईचं नाव असेल. केनियाचा अर्ज भरायच्या आधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन ते बदलून या.